झाझा आणि एवा : दोन गाबोर भगिनी, दोन वेगळ्या कारकिर्दी

हंगेरीतून हॉलिवूडमध्ये गेलेल्या अभिनेत्रींत गाबोर हे आडनाव फार गाजले, आणि सर्वाधिक घोटाळाही त्याच आडनावाने होतो. मागदा, झाझा आणि एवा या बुडापेस्टच्या तीन सख्ख्या बहिणींपैकी धाकट्या दोघींनी पडद्यावर नाव मिळवले. दोघींचे केस सोनेरी, दोघींच्या इंग्रजीला हंगेरियन वळण आणि दोघींच्या लग्नांची वर्तमानपत्रांत सतत चर्चा. त्यामुळे एवाचे काम झाझाच्या नावावर सर्रास जमा होते. हा एवावर मोठाच अन्याय आहे.

झाझाचा जन्म 1917 चा आणि एवाचा 1919 चा, तरी हॉलिवूडमध्ये पहिली भूमिका मिळाली ती धाकटीला, 1941 साली. झाझा अमेरिकेत प्रथम ओळखली गेली ती हॉटेलमालक कॉनराड हिल्टन यांची पत्नी म्हणून. 1951 मध्ये दूरचित्रवाणीवरील एका गप्पांच्या कार्यक्रमात तिची हजरजबाबी उत्तरे लोकांना आवडली आणि पुढच्याच वर्षी तिला चित्रपट मिळू लागले.

जॉन ह्यूस्टन यांच्या 1952 च्या ‘मूलाँ रूज’मध्ये तिने गायिका जेन आव्रिल साकारली. गाण्यांचा आवाज म्युरिएल स्मिथ यांचा असला, तरी त्या भूमिकेतला तिचा डौल खरा आहे, आणि तिला केवळ प्रसिद्धीवर जगलेली बाई ठरवणाऱ्यांनी हा चित्रपट अवश्य पाहावा. 1958 च्या ‘क्वीन ऑफ आउटर स्पेस’ या अंतराळपटात मात्र नावामुळे आणखी एक गैरसमज होतो : त्यातली राणी झाझा नाही, ती भूमिका लॉरी मिचेल यांची आहे, झाझा शुक्र ग्रहावरची शास्त्रज्ञ आहे. पुढे तिची प्रतिमा इतकी मोठी झाली की दिग्दर्शक तिला पात्र देण्याऐवजी झाझा गाबोर म्हणूनच बोलावू लागले.

एवाची वाट संथ होती, पण अभिनयाची होती. 1950 मध्ये ब्रॉडवेवर ‘द हॅपी टाइम’ केल्यानंतर ती ‘जीजी’ (1958) या नऊ ऑस्कर मिळवणाऱ्या संगीतपटात लियानच्या भूमिकेत दिसली. तिचे खरे कर्तृत्व मात्र ‘ग्रीन एकर्स’ या मालिकेत आहे. 1965 ते 1971 या काळात 170 भागांतून तिने न्यूयॉर्कची चैन सोडून नवऱ्याच्या हट्टापायी खेड्यात आलेली लिसा डग्लस रंगवली. शेतीचे स्वप्न पाहणारा नवरा गावाच्या उफराट्या तर्काने हैराण होतो आणि लिसा मात्र तोच तर्क सहज स्वीकारते; हा विनोद इतकी वर्षे शिळा न होऊ देणे हे सोपे काम नव्हे.

मालिका चालू असतानाच, 1970 मध्ये, डिस्नेच्या ‘द अ‍ॅरिस्टोकॅट्स’मधील डचेस या मांजरीला तिने आवाज दिला, आणि 1977 च्या ‘द रेस्क्यूअर्स’मध्ये मिस बियांका या उंदरीला. हे दोन्ही आवाज झाझाचे समजले जातात. ते एवाचे आहेत.

1990 मध्ये एवा पुन्हा मिस बियांका झाली. 1989 साली झाझाने बेव्हर्ली हिल्सच्या एका पोलिसाच्या थोबाडीत मारल्याचे प्रकरण गाजले होते, आणि 1991 च्या ‘द नेकेड गन 2½’च्या आरंभी ती स्वतःच्याच रूपात येऊन पोलिसांच्या गाडीवरील दिव्याला चापट मारताना दिसते.