लांब अँटेना म्हणजे जास्त पॉवर?

बेळगाव-निपाणी पट्ट्यात हमखास मिळणारा सल्ला: "वाय-फाय राउटरला ९ डीबीआयची अँटेना लावा, घरभर रेंज येईल." (डीबीआय म्हणजे अँटेना लहर एका दिशेला किती एकवटते त्याचं माप.) साफ चूक. अँटेना पॉवर निर्माण करत नाही, मिळालेली फक्त वळवते. उभ्या काठीची लहर मेदूवड्यासारखी पसरते. डीबीआय वाढला की वडा चपटा होतो. अंगणापलीकडे रेंज पोचते, माडीवर घटते. दुमजली घराला २ ते ५ डीबीआय पुरे. मळ्यातल्या घरापर्यंत वाय-फाय न्यायचं असेल, तर दोन्ही टोकांना समोरासमोर पॅनेल अँटेना (एकाच दिशेला लहर फेकणारी चपटी अँटेना) हवी. अँटेनाची केबल शक्य तितकी आखूड ठेवा. लांब, बारीक केबल अँटेनानं केलेली कमाई खाऊन टाकते. आणि आटे बसले म्हणजे कनेक्टर जुळला असं नाही. मधे बघा: दोन्हीकडे भोकच असेल, पिन कुठेच नसेल, तर संपर्क होतच नाही. खानापूरच्या पावसात बाहेरचा सांधा वॉटरप्रूफ टेपनं घट्ट गुंडाळायचा.