आंत्रपुच्छ : ‘अवशेष’ आणि ‘निरुपयोगी’ यांतला घोळ

प्राचीन शरीरशास्त्र बरेचसे माकडांच्या विच्छेदनावर उभे राहिले. त्या माकडांना आंत्रपुच्छ (अपेंडिक्स, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला जोडलेली बारीक नळी) नव्हते, त्यामुळे ते त्या ग्रंथांतही नाही. त्याचे लेखी वर्णन सोळाव्या शतकात इटलीत झाले. १७३५ मध्ये लंडनला अकरा वर्षांच्या एका मुलाच्या हर्नियात टाचणीने भोसकलेले आंत्रपुच्छ सापडले, ते कापून काढले आणि मुलगा वाचला. तरीही पुढची दीडशे वर्षे उजव्या ओटीपोटातल्या दुखण्याचा दोष शेजारच्या मोठ्या आतड्यावरच जात राहिला. खरे मूळ आंत्रपुच्छच असल्याचे १८८६ मध्ये ठामपणे दाखवले गेले आणि ‘अपेंडिसायटिस’ (आंत्रपुच्छाची सूज) हे नाव रूढ झाले.

त्याआधीच, १८७१ मध्ये, खरा गोंधळ होऊन गेला होता. मानवाच्या उत्क्रांतीवरील एका गाजलेल्या ग्रंथात आंत्रपुच्छाला अवशेष म्हटले, आणि त्याच दमात निरुपयोगीही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अवशेष म्हणजे पूर्वजांत जे काम होते ते आता उरले नाही, एवढेच. शहामृगाचे पंख उडण्यापुरते अवशेष आहेत, पण धावताना तोल सांभाळायला ते कामी येतातच. शाळेत ‘अवशेषांगे’ शिकताना मात्र माकडहाड, अक्कलदाढ आणि आंत्रपुच्छ एका ओळीत पाठ होतात आणि ‘उपयोग : नाही’ असा शेरा डोक्यात पक्का बसतो. शल्यचिकित्सकांच्याही बसला असावा. विसाव्या शतकात पोटाची दुसरीच शस्त्रक्रिया चालू असताना ‘उघडलेच आहे तर’ म्हणून धडधाकट आंत्रपुच्छही काढले जाई.

वास्तविक त्याच्या भिंतीत रोगप्रतिकाराचे काम करणारी लसिका ऊती ठासून भरलेली असते. ते उपयुक्त जिवाणूंचे कोठार असावे, जुलाबाने आतडे धुऊन निघाले की तिथूनच पुन्हा पेरणी होत असावी, अशी कल्पना २००७ मध्ये मांडली गेली. सस्तन प्राण्यांत आंत्रपुच्छ तीसहून अधिक वेळा स्वतंत्रपणे उत्पन्न झाल्याचा निष्कर्षही पुढे आला. निव्वळ अडगळ इतक्यांदा कशाला निर्माण होईल? अर्थात ते काढलेली माणसेही ठणठणीत जगतात, हे विरोधकांचे म्हणणे खोडता येत नाही.

सूज आली की कापायचेच, हा नियमही आता सैल झाला आहे. शस्त्रक्रियेऐवजी प्रतिजैविके (अँटिबायोटिक्स) देऊन भागते का, हे पाहणाऱ्या १,५५२ प्रौढांवरच्या चाचणीचे निकाल २०२० मध्ये आले. प्रतिजैविके घेतलेल्यांपैकी दहातल्या सुमारे तिघांवर तीन महिन्यांत शस्त्रक्रिया करावी लागली, बाकीच्यांची त्या मुदतीत टळली. आंत्रपुच्छात खडा अडकलेल्यांना मात्र गुंतागुंतीचा धोका जास्त दिसला.