रोझरीनंतरचा सिनेमा : पार्श्वभूमी

उपवासकाळ (ईस्टरआधीचे चाळीस दिवस) लागला किंवा नाताळची सुट्टी जवळ आली की वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या ख्रिस्ती घरांत एक प्रश्न ठरलेला असतो : सगळ्यांनी मिळून टीव्हीवर काय बघायचं? सगळ्यांनी म्हणजे आजी, शाळकरी पोरं आणि बोटीवरून रजेवर आलेला काका, सगळे धरून. प्रश्न जुनाच आहे. त्याचं उत्तर देणारा माणूस मात्र बदलत गेला. आधी फादर होते, मग कॅसेटवाला आला, मग केबलवाला, आणि २००५-०६ मध्ये अचानक उच्च न्यायालय. आज कुणाच्या घरी या विषयावर वाद झाला तर त्यातले निम्मे मुद्दे त्या दोन वर्षांतले असतात, म्हणून ही टिपणीही तिथेच जास्त रेंगाळणार आहे.

ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहून आपल्याकडे सिनेमा कसा जन्माला आला, ही गोष्ट मराठी वाचकाला सांगायची गरज नाही. चर्चची बाजू थोडक्यात अशी. १९३४ मध्ये अमेरिकेतल्या कॅथलिकांनी चर्चमध्ये उभं राहून, अश्लील सिनेमे पाहणार नाही, अशी शपथ घ्यायला सुरुवात केली आणि चित्रपटांना श्रेणी देणाऱ्या याद्या निघू लागल्या. सगळ्यात खालची श्रेणी 'धिक्कृत'. १९३६ मध्ये पोपनी पत्र काढून प्रत्येक देशातल्या बिशपांना अशीच व्यवस्था उभारायला सांगितलं. १९५७ च्या पत्रात टीव्हीचा वेगळा विचार आला. सिनेमाला माणूस उठून जातो, टीव्ही मात्र थेट घरात शिरतो, ही काळजी तेव्हाच व्यक्त झाली होती. पुढच्याच वर्षी असिसीची संत क्लारा टीव्हीची आश्रयदाती ठरली, कारण आजारपणात अंथरुणावरून तिला दूरच्या चर्चमधली मिस्सा (उपासना) भिंतीवर दिसली होती, अशी कथा आहे. आपल्याकडच्या माजघरात तेव्हा टीव्ही नव्हताच, मर्फी किंवा फिलिप्सचा रेडिओ असला तरी पुष्कळ.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. वसई, उरण, अलिबाग ही गावं टप्प्यात होती, दक्षिणेकडे मात्र डोंगर आडवा. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडे पुढे पणजीचं चित्र दिसायला लागलं, तेही वारा सुटला की मुंग्या मुंग्या. माडाला बांबू बांधून त्यावर अँटेना चढवायची आणि एकाने खाली उभं राहून "आला, आला, गेला" असं ओरडायचं, ही कामाची वाटणी सगळ्यांच्या आठवणीत आहे. निवडायचं असं त्या काळात काहीच नव्हतं. शनिवारी मराठी सिनेमा, रविवारी हिंदी, जो येईल तो. निवड होती ती वेळेची. संध्याकाळची रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, आणि रविवारचा सिनेमा एकमेकांवर आदळायचे, आणि घरोघरी तडजोड निघाली : रोझरी अलीकडे घ्यायची, किंवा मध्ये बातम्या लागल्या की उरलेली गूढं (रोझरीचे टप्पे) उरकायची. आज्यांना हे पटलं नाही. घरातला पहिला वाद असा घड्याळावरून झाला, सिनेमात काय दाखवतात त्यावरून झालाच नाही.

निवड खऱ्या अर्थाने व्हिडिओ कॅसेटने आणली. १९८२ च्या एशियाडच्या सुमारास रंगीत संच आले आणि पाठोपाठ आखातातून, बोटीवरून येणाऱ्या माणसांच्या सामानात व्हीसीआर आले. ज्या घरात व्हीसीआर, त्या घरात शनिवारी रात्री अर्धी वाडी. कॅसेट भाड्याने देणारा पोरगा गिऱ्हाईक ओळखून असायचा. ख्रिस्ती घरातून कुणी आलं की 'टेन कमांडमेंट्स' किंवा 'बेन-हर' पुढे करायचा, त्यातही पहिल्याची प्रिंट इतकी झिजलेली की तांबडा समुद्र दुभंगताना नेमक्या रेघा यायच्या. धर्मग्रामांतही, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या वस्त्यांतही, हाच काळ गजबजलेला होता. लूकच्या शुभवर्तमानावर बेतलेला १९७९ चा चित्रपट शेकडो भाषांत डब झाला, मराठीतही झाला, आणि चर्चच्या पटांगणात पांढरी चादर ताणून अशा फिती दाखवल्या जायच्या. १९७७ ची येशूच्या जीवनावरची इटालियन-ब्रिटिश मालिका तर टीव्हीसाठीच बनवलेली, सहा तासांच्या वर लांब. ती कॅसेटवर आली तेव्हा पवित्र आठवड्यातल्या तीन-चार संध्याकाळी पुरली. टीव्हीसाठी बनलेला धार्मिक चित्रपट आपल्या लोकांना ठाऊक झाला तो हा असा.

१९९१-९२ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या आणि हा सगळा हिशेब विस्कटला. केबलवाला गावातलाच, अनेकदा त्याच वाड्यातला. त्याची स्वतःची एक वाहिनी असायची, तिच्यावर रात्री काय लागेल याचा नेम नाही. १९९५ चा केबल कायदा आणि त्याआधीचे नियम यांत कार्यक्रमसंहिता होती, पण वाडीतल्या केबलवाल्याने ती वाचली असेल असं समजायला काही आधार नाही. प्रवचनांतून टीव्हीवर टीका वाढली ती याच वर्षांत. चर्चचा सूर मात्र तोवर बराच बदललेला होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या बिशपांच्या सभेने) १९६३ मध्ये संपर्कमाध्यमांना माणसाने देवाच्या साह्याने लावलेले अद्भुत शोध म्हटलं होतं, निषिद्ध पुस्तकांची शतकानुशतकं चाललेली यादी १९६६ मध्ये मोडीत निघाली होती. आणि १९९५ मध्ये, सिनेमाच्या शंभरीनिमित्त, व्हॅटिकनने उलट्या दिशेची यादी काढली : पाहावेत असे ४५ चित्रपट. धर्म, मूल्यं आणि कला असे तीन गट.

ही यादी कोकणातल्या फार कमी घरांत पोचली आणि जिथे पोचली तिथे गोंधळ झाला. 'बेन-हर' होता, 'गांधी' होता, त्यावर कुणाचं दुमत नव्हतं. पण आपल्याकडचे हक्काचे 'टेन कमांडमेंट्स' आणि 'साउंड ऑफ म्युझिक' दोन्ही गायब, आणि मूल्यांच्या गटात 'शिंडलर्स लिस्ट'. या शेवटच्या चित्रपटाला अमेरिकेत मुलांना एकट्याने पाहू न देण्याची श्रेणी होती. ज्यात नग्न माणसांना हाकलत नेतात, गोळ्या घालतात, तो चित्रपट चर्चच्या मते मूल्यांचा. ज्यात सगळे टेकडीवर गातात, त्याचा उल्लेखही नाही. मला वाटतं यादी करणाऱ्यांचं म्हणणं सरळ होतं : चांगला चित्रपट आणि निरुपद्रवी चित्रपट एकच नव्हेत. पण लहान पोरं मांडीवर घेऊन बसणाऱ्या आईला या फरकाचा काय उपयोग, हेही तितकंच खरं. सुटीच्या दिवशी तिला निरुपद्रवीच हवा असतो.

या पार्श्वभूमीवर ते प्रकरण आलं. मुंबईतल्या एका प्राध्यापिकेने टीव्हीवरच्या अश्लीलतेविरुद्ध जनहित याचिका केली. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने आदेश दिला की अनिर्बंध सार्वजनिक प्रदर्शनाला योग्य असं प्रमाणपत्र असलेलेच चित्रपट केबलवर दाखवावेत. नवा नियम असा काही केला नव्हता, हे वाक्य आधीच्या नियमांतच होतं, फक्त ते कुणी मनावर घेतलं नव्हतं. ऑगस्ट २००६ मध्ये पोलिसांनी केबलचालकांची यंत्रसामग्री जप्त केली, त्याबरोबर सिनेमाच्या वाहिन्या बंद पडल्या. हिंदीही गेल्या, इंग्रजीही गेल्या. काही दिवसांनी हमीपत्रं देऊन त्या परतल्या : यापुढे 'यू' आणि 'यू/ए' एवढंच.

गाठ पडली ती 'यू/ए'पाशी. १९५२ च्या कायद्यात आधी दोनच मुख्य वर्ग होते, सर्वांसाठी ('यू') आणि प्रौढांसाठी ('ए'). 'यू/ए' १९८० च्या दशकात आला : प्रदर्शन सर्वांसाठीच, पण बारा वर्षांखालच्या मुलांना दाखवायचं की नाही हे पालकांनी ठरवावं, एवढी सूचना जोडलेली. कायद्याच्या भाषेत म्हणून तो अनिर्बंधच. थिएटरात त्याला अर्थ होता, पालक तिकीट काढताना विचार करत. टीव्हीवर ती सूचना सुरुवातीला काही सेकंद प्रमाणपत्र झळकतं तेवढीच, आणि तेव्हा घरातले सगळे चहा आणायला उठलेले. तरीही न्यायालयाच्या आदेशानंतर घरोघरी समज पसरली ती ही, की आता टीव्हीवर जे लागतं ते सरकारने गाळून दिलेलं आहे. धोका मला वाटतो तो याच समजुतीत होता.

कारण वाहिन्यांनी पुढे केलं काय? आपल्या साठ्यातले प्रौढांसाठीचे चित्रपट कापून, पुन्हा प्रमाणपत्र मंडळाकडे पाठवून 'यू/ए' करून घेतले. कापायला सोपं असतं ते चुंबन, अंग आणि शिवी. चित्रपटाची वृत्ती कापता येत नाही. सूड, पैशाची हाव, बाईला वस्तू समजणं हे सगळं राहिलं, एखाददुसरा शब्द तेवढा मुका झाला. अशा चित्रपटांचे अडीच तास रविवारी दुपारी आजीसकट बघितले गेले. दुसरीकडे युद्ध, तुरुंग, वंशसंहार यांवरचे गंभीर चित्रपट कापले तर अर्थ जातो, न कापले तर लागत नाहीत, म्हणून ते घरच्या टीव्हीवरून कमी होत गेले. व्हॅटिकनच्या यादीतल्या मूल्यांना याचा फटका बसला, मारधाडीला नाही.

याचिकेच्या बाजूनेही सांगायला हवं. केबलवाल्याच्या खासगी वाहिनीवरचा रात्रीचा धिंगाणा त्या आदेशाने खरोखरच आटोक्यात आला, आणि ज्या बायकांनी वर्षानुवर्षं त्याच्याशी वैर नको म्हणून तोंड दाबून धरलं होतं त्यांना बोलायला आधार मिळाला. "कोर्टाचं आहे बाबा, मी काय करू," असं म्हणत केबलवालाही सुटला. हा लाभ लहान नव्हे.

तोच काळ आणखी एका कारणाने तापलेला होता. येशूच्या वंशाबद्दल कल्पित कथा रचणारा एक अमेरिकन चित्रपट मे २००६ मध्ये आपल्याकडे लागला. मंडळाने त्याला प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र दिलं आणि हे सारं काल्पनिक आहे अशी पाटी जोडायला लावली, तरी गोव्यासह काही राज्यांनी बंदी घातली. धर्मग्रामांत त्याविरुद्ध बोललं जात असतानाच ऑगस्टचं केबल प्रकरण घडलं, त्यामुळे दोन्ही गोष्टी लोकांच्या डोक्यात एकत्र झाल्या. आजही कुणी सांगतं की ख्रिस्ती लोकांच्या तक्रारीवरून केबल बंद झाली होती. तसं नव्हतं. एक श्रद्धेच्या अपमानाचा प्रश्न होता, दुसरा मुलांच्या वयाचा.

गंमत म्हणजे अमेरिकेत त्याच दोन वर्षांत हाच प्रश्न वेगळ्या वाटेने गेला. २००५ च्या कायद्याने तिथल्या कुटुंबाला स्वतःच्या घरात, स्वतः घेतलेल्या चित्रपटातला नको तो भाग यंत्राने वगळायची मुभा दिली. आणि जुलै २००६ मध्ये न्यायालयाने, चित्रपट परस्पर कापून त्याच्या सोवळ्या प्रती विकणाऱ्या दुकानदारांना मनाई केली. म्हणजे कात्री घरच्या माणसाच्या हाती चालेल, बाजाराच्या नाही. आपल्याकडे घराच्या हाती काही आलं नाही, कात्री वाहिनी आणि मंडळ यांच्यातच राहिली.

पुढचं झटपट. केबल डिजिटल झाली, सेट-टॉप बॉक्ससोबत कुलपाची सोय आली, तिचा आकडा घरात सगळ्यात धाकट्याला माहीत. फेब्रुवारी २०१९ पासून वाहिन्या निवडून पैसे भरायची पद्धत आली आणि पुष्कळ घरांनी पहिल्या झटक्यात इंग्रजी सिनेमाच्या वाहिन्या सोडल्या. स्वस्ताईचं कारण होतंच, पण "तसलं नकोच घरात" हेही त्यात सोयीने बसलं. सिंधुदुर्गातल्या वाड्यांत दूरदर्शनच्या मोफत 'फ्री डिश'च्या थाळ्या आहेत, त्यांवर हिंदी सिनेमाच्या फुकट वाहिन्या आणि त्यांत दक्षिणेतल्या डब केलेल्या मारामाऱ्या. पावसात तेही जातं.

२०२१ च्या नियमांनी ओटीटीला सात, तेरा आणि सोळा अशा वयाच्या पायऱ्या करायला लावल्या. २०२३ च्या दुरुस्तीने चित्रपटांच्या 'यू/ए'चेही तसेच तीन तुकडे केले, आणि प्रौढांसाठीचा चित्रपट टीव्हीवर आणायचा तर वेगळं प्रमाणपत्र घ्यावं लागेल, हे कायद्यातच लिहिलं. २००६ साली जे न्यायालयाच्या आदेशाने चाललं त्याला असा कायद्याचा पाया मिळाला. वयाच्या पायऱ्यांमुळे पालकाला निदान काही तरी सांगितलं जातं, हे जुन्या सरसकट शिक्क्यापेक्षा बरंच. पण त्याच दुरुस्तीने प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदतही काढून टाकली, प्रमाणपत्र आता कायमचं. वाहिन्यांच्या साठ्यातले, २००६ नंतर कापून घेतलेले चित्रपट त्यामुळे जुन्याच सरसकट 'यू/ए'वर फिरत राहतील. रविवारी दुपारी लागतात ते बहुतेक तेच.