चोर धरण्याचा अधिकार: कलम 40 च्या मागे काय आहे?

मंगळसूत्र खेचून पळणाऱ्याला लोकांनी पाठलाग करून धरलं, चोप दिला आणि पोलिसांच्या हवाली केलं, अशी बातमी आपण नेहमी वाचतो. यातलं धरणं आणि हवाली करणं कायद्यात बसतं. मधला चोप कधीच बसला नाही, आजही बसत नाही.

1 जुलै 2024 ला फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. सामान्य माणसाला अटकेचा अधिकार देणारं जुनं कलम 43 तिच्यात कलम 40 झालं. आपल्यासमोर कुणी दखलपात्र (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) आणि अजामीनपात्र (ज्यात जामीन हक्काने मिळत नाही) गुन्हा करत असेल, किंवा समोरचा माणूस न्यायालयाने जाहीर केलेला फरारी असेल, तर कुणीही त्याला अटक करू शकतो आणि विनाकारण उशीर न करता पोलिसांच्या ताब्यात देतो. यात नवीन आहे ती मुदत. आता हे काम सहा तासांच्या आत व्हायला हवं. बाकीचा मजकूर ओळखीचाच आहे, कारण 1973 च्या आधी 1898 च्या संहितेतही कलम 59 म्हणून तो जवळपास असाच होता.

पण 1898 ही या गोष्टीची सुरुवात नव्हे. चोर धरणं हे पोलिसांचं काम आहे ही कल्पनाच मुळात अलीकडची. इंग्लंडमध्ये 1285 च्या विंचेस्टर कायद्याने गुन्हा घडताच आरडाओरड करून सगळ्यांनी गुन्हेगाराच्या मागे लागायचं, असं बंधन घातलं होतं. दरोडेखोर सापडला नाही, तर त्या टापूतल्या लोकांनी नुकसान भरून द्यायचं. लंडनला पगारी पोलीस दल मिळालं ते 1829 मध्ये.

दख्खनमध्ये याच्याशी विलक्षण मिळतीजुळती पद्धत होती, आणि ती कुणी इंग्लंडहून आणलेली नव्हती. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने 1819 मध्ये जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात तिचं वर्णन आहे. गावाच्या राखणीचं काम कुठे रामोशांकडे, कुठे भिल्लांकडे, कुठे महारांकडे. रात्री गावात कोण आलं, कोण गेलं, यावर नजर ठेवायची. चोरी झाली की जागल्याने माग काढायचा. पावलं गावाच्या शिवेबाहेर गेली असतील, तर शेजारच्या गावच्या जागल्याला तो माग दाखवायचा. त्याला पटलं की जबाबदारी त्याच्या गावाच्या गळ्यात. मग त्याने पुढचा माग काढायचा. असं करत माग ज्या गावात संपेल, त्या गावाने चोर तरी द्यायचा, माल तरी द्यायचा, नाहीतर भरपाई करायची. या सगळ्यावर पाटलाची देखरेख.

या व्यवस्थेत चोर पकडणं हा हक्क नव्हताच. ती सक्ती होती, आणि तिच्यामागे दंडाची भीती होती. ती न्याय्य होती असं मला वाटत नाही. ज्याने काहीच केलं नाही तोही भरपाईत भरडला जायचा, आणि राखणीचं ओझं जन्माने ठरलेल्या जातींवर. पण तिच्यात एक गोष्ट पक्की होती: माग शेजारच्या गावाला पटवून द्यावा लागायचा. नुसता संशय पुढे सरकत नसे.

इंग्रजी अमलात हे मोडत गेलं. पुरंदरच्या परिसरातल्या रामोशांची गडाची राखण आणि वतनं गेली, आणि त्यांच्यातूनच उमाजी नाईकांचं बंड उभं राहिलं. कालपर्यंत ज्यांनी चोराचा माग काढायचा, तेच आता इनाम लावलेले फरारी झाले. जाहीर फरारी कुणीही धरावा, हा कलम 40 चा दुसरा भाग वाचताना हा इतिहास डोळ्याआड करता येत नाही. गावपातळीवर पाटील तेवढा शिल्लक राहिला. 1867 च्या मुंबई ग्राम पोलीस कायद्याने त्याला पोलीस व्यवस्थेत बसवलं आणि 1967 च्या महाराष्ट्राच्या कायद्यापासून आजचा पोलीस पाटील आला. सर्वसामान्य गावकऱ्याची सक्ती मात्र आटत गेली. पोलिसांनी मागितली तर अटकेत मदत करणं आजही बंधनकारक आहे, पण स्वतःहून कुणाला पकडणं ही फक्त मुभा आहे. कलम 40 मध्ये ‘करू शकतो’ आहे, ‘केलीच पाहिजे’ नाही.

ही मुभा किती अरुंद आहे, याची कल्पना बहुतेकांना नसते. गुन्हा तुमच्यासमोर घडायला हवा. 1898 च्या कलमातही गुन्हा धरणाऱ्याच्या नजरेसमोर व्हायला हवा अशी अट होती, आणि नजरेसमोर म्हणजे डोळ्यांदेखत, मनात आलेला अंदाज नव्हे, असाच अर्थ न्यायालयांनी लावला. त्यामुळे ‘चोर, चोर’ ऐकून बाहेर आलेल्या माणसाला गल्लीतून कुणी धावताना दिसला, तर तेवढ्याने त्याला अटकेचा अधिकार मिळत नाही. कलम 40 मध्ये पळणं हा पुरावा धरलेला नाही.

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात तसा तो धरला होता. तिथल्या 1863 च्या कायद्यानुसार गंभीर गुन्हेगार पळून जात असेल, तर वाजवी संशयावरूनही खासगी व्यक्ती त्याला पकडू शकत होती. तेव्हा तिथे गुलामगिरी होती आणि पळणारा म्हणजे कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं. फेब्रुवारी 2020 मध्ये धावायला निघालेल्या अहमॉड आर्बरी या काळ्या तरुणाचा तीन गोऱ्यांनी गाड्यांतून पाठलाग केला आणि त्यांच्यातल्या एकाने त्याला गोळ्या घातल्या. न्यायालयात बचाव काय होता, तर आम्ही नागरिक म्हणून अटक करत होतो. तिघेही दोषी ठरले, आणि त्याआधीच, मे 2021 मध्ये, राज्याने तो कायदा रद्द केला होता.

आपल्याकडची दुसरी अट गुन्ह्याच्या प्रकाराची. तो दखलपात्रही हवा आणि अजामीनपात्रही. सोनसाखळी खेचणं, दरोडा, बलात्कार, खून यांत प्रश्न येत नाही. पण गाडीने कुणाला उडवून निघून जाणाऱ्या चालकामागे लोक सगळ्यात जास्त त्वेषाने धावतात, आणि बेदरकारपणे गाडी चालवणं, निष्काळजीपणाने मृत्यू घडवणं हे दोन्ही गुन्हे दखलपात्र असले तरी जामीनपात्र आहेत. पळून जाणाऱ्या चालकासाठी भारतीय न्याय संहितेत, म्हणजे गुन्हे आणि शिक्षा ठरवणाऱ्या नव्या कायद्यात, आणलेलं जादा शिक्षेचं पोटकलम जानेवारी 2024 च्या ट्रकचालकांच्या आंदोलनानंतर लागूच झालं नाही. चोरीचंही गुंतागुंतीचं झालंय. 5,000 रुपयांहून कमी किमतीची चोरी, पहिलीच वेळ आणि माल परत, अशा प्रकरणात आता समाजसेवेची शिक्षा आहे आणि तो वर्ग अदखलपात्र, जामीनपात्र ठरवला आहे. लोकलमध्ये पाकीटमाराचा हात धरणाऱ्याने आधी पाकिटातल्या नोटा मोजायच्या की काय? कायदा करणाऱ्यांनी ही दोन कलमं शेजारी ठेवून वाचली नसावीत.

मॉलमधल्या किंवा सोसायटीतल्या सुरक्षारक्षकाचा गणवेश पाहून लोकांचा गैरसमज होतो. अटकेपुरता तोही तुमच्या-आमच्यासारखा सामान्य नागरिकच. झडती घ्यायचा, कोंडून जबाब लिहून घ्यायचा अधिकार त्याला कलम 40 देत नाही.

बळाचं म्हणाल तर अटकेला विरोध झाला किंवा ती चुकवायचा प्रयत्न झाला तरच आणि लागेल तेवढंच. पळून जाऊ नये यासाठी जेवढं गरजेचं, त्याहून जास्त जखडून ठेवायचं नाही, हेही संहितेत आहे. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेऊन ठेचून मारलं. कुणाच्याही डोळ्यांदेखत कुठलंही मूल पळवलं गेलं नव्हतं. ‘आम्ही पकडत होतो’ या म्हणण्याला तिथे कायद्याचा कसलाही आधार नव्हता. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळींबाबत राज्यांना निर्देश दिले. प्रत्येक जिल्ह्यात त्यासाठी वरिष्ठ पोलीस अधिकारी नेमावा, हा त्यातलाच एक.

सहा तासांच्या मुदतीने धरणाऱ्यावर पहिल्यांदाच घड्याळ बसवलं आहे. ती चुकली तर काय, हे कलम 40 सांगत नाही. पण ताब्यात ठेवण्याचा आधार संपला की मागे उरतं ते बेकायदा डांबून ठेवणं, आणि त्यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम 127 आहे. तिथे आरोपी असतो तो धरणारा.