जोगिणींचे मठ आणि स्तनाचा कर्करोग : तीनशे वर्षांची पार्श्वभूमी

बेर्नार्दिनो रामात्झिनी हा इटालियन वैद्य धंद्यामुळे जडणाऱ्या रोगांचा अभ्यासक. त्याचा ग्रंथ 1700 मध्ये निघाला, वाढवलेली आवृत्ती 1713 मध्ये. त्यात दूध पाजणाऱ्या दायांबद्दल लिहिताना त्याने नोंदवले की, स्तनाचा कर्करोग शिरला नाही असा जोगिणींचा, म्हणजे ख्रिस्ती संन्यासिनींचा, मठ क्वचितच सापडतो. दोष त्याने ब्रह्मचर्याला दिला आणि गर्भाशय व स्तन यांच्यात काही गूढ नाते असावे, असे मानले.

त्याला आकड्यांची जोड दिली दोमेनिको रिगोनी-स्टेर्न याने, 1842 मध्ये. व्हेरोना शहरातल्या 1760 ते 1839 या काळातल्या मृत्युनोंदी त्याने चाळल्या. जोगिणींत स्तनाचा कर्करोग जास्त आणि गर्भाशयाचा कमी, असे त्याला दिसले. पण यात एक खोच आहे. एकूण मृत्यूंपैकी कर्करोगाचे किती, हा वाटा काढला की तुलना फसते. विवाहित स्त्रिया बाळंतपणात दगावत, त्यामुळे त्यांच्या मृत्यूंतला कर्करोगाचा वाटा आपोआप घटे. मठातली स्त्री त्या धोक्यातून सुटून कर्करोगाच्या वयापर्यंत पोहोचण्याची शक्यता अधिक. म्हणून एकूण किती स्त्रिया किती वर्षे जगल्या, हा आकडा भागाकारात छेद म्हणून हवा, आणि तुलना एकाच वयोगटात हवी.

असा हिशेब जोगिणींबाबत शक्य होतो, कारण मठात प्रवेशाची आणि मृत्यूची तारीख नोंदलेली असते. 1969 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात 31,658 जोगिणींच्या 1900 ते 1954 मधल्या नोंदी होत्या. स्तनाच्या कर्करोगाचे जादा मृत्यू प्रामुख्याने चाळिशीनंतरच्या वयात दिसले.

मधल्या काळात प्रश्नही बदलला होता. इंग्लंडमधल्या डॉक्टर जेनेट लेन-क्लेपॉन यांनी 1926 मध्ये 500 रुग्ण स्त्रिया आणि कर्करोग नसलेल्या 500 स्त्रिया यांची तुलना केली. मुले किती आणि अंगावर किती पाजले, हे त्यांनी विचारले. 1970 च्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात तर पहिल्या बाळंतपणाचे वय महत्त्वाचे ठरले. अठराव्या वर्षाआधी पहिले मूल झालेल्या स्त्रीचा धोका, पस्तिशीनंतर पहिले मूल झालेल्या स्त्रीच्या सुमारे एक तृतीयांश निघाला. उलट, पस्तिशीनंतर पहिलटकरीण होणाऱ्या स्त्रीचा धोका मूल न झालेल्या स्त्रीपेक्षाही थोडा जास्त. म्हणजे ब्रह्मचर्य हे कारण नव्हतेच. पूर्ण दिवसांच्या गरोदरपणात दूधग्रंथींच्या पेशी परिपक्व होतात. ते जितके उशिरा, तितका काळ अपरिपक्व पेशी दर पाळीच्या संप्रेरकांना तोंड देत राहतात. 2002 मध्ये 30 देशांतल्या 47 अभ्यासांची माहिती एकत्र केली, तेव्हा दर बाळंतपणामागे धोका 7 टक्क्यांनी आणि स्तनपानाच्या दर 12 महिन्यांमागे आणखी 4.3 टक्क्यांनी कमी दिसला.

संप्रेरकांचाच धागा उपचारांतही आहे. स्कॉटिश शल्यचिकित्सक जॉर्ज बीटसन यांनी 1896 मध्ये बीजांडकोश काढल्यावर वाढलेली गाठ मागे हटल्याचे प्रसिद्ध केले; पुढे टॅमॉक्सिफेन या औषधाने बीजांडकोशातून येणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक गाठीतल्या ग्राहकांपाशी, म्हणजे ते पेशीला जिथे जोडले जाते तिथे, अडवले. ज्या गाठींत हे ग्राहक नसतात, त्यांच्यावर हे औषध चालत नाही, आणि मूल होण्याने मिळणारे संरक्षणही मुख्यतः ग्राहक असलेल्या गाठींपुरतेच.

2012 मध्ये दोन संशोधकांनी जोगिणींना गर्भनिरोधक गोळी उपलब्ध करून द्यावी, असे सुचवले. त्यांचा रोख बीजांडकोश आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगावर होता. तिथे गोळीने धोका घटतो. स्तनाच्या कर्करोगाचा धोका मात्र गोळी चालू असताना किंचित वाढतो.