रात्रीची 'दखल': महिला सुरक्षा वेगळी, शहरावरचा हक्क वेगळा

ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या बायका मध्यरात्री रस्त्यावर उतरल्या, तेव्हा 'मेयेरा, रात दखल करो' ही घोषणा आपल्यापर्यंतही पोचली. मराठीत दखल म्हणजे नोंद. आपण तक्रारीची दखल घेतो. त्यामुळे माझ्या ओळखीतल्या अनेकांनी तिचा अर्थ 'बायकांच्या प्रश्नाची दखल घ्या' असा लावला. बंगालीत दखल म्हणजे ताबा. तिथे जमीन दखल करतात, घर दखल करतात. घोषणा होती, 'मुलींनो, रात्र ताब्यात घ्या.'

हा फक्त शब्दाचा घोटाळा असता तर सोडून दिला असता. पण बायका रात्री रस्त्यावर उतरल्या, कुणी कलाकार बागेत जाऊन झोपली, कुणी भिंत रंगवली, की त्या सगळ्यावर 'महिला सुरक्षेची मागणी' हेच लेबल चिकटतं. गेली कित्येक वर्षं मी हे वाचतेय आणि दर वेळी मला त्रास होतो, कारण ही मागणी सुरक्षेची नसते, शहरावरच्या हक्काची असते.

सुरक्षा म्हणजे काय हे सगळ्यांना माहीत आहे. सीसीटीव्ही, दामिनी पथक, हेल्पलाइन, लेडीज डबा. ५ मे १९९२ला चर्चगेट-बोरिवली मार्गावर पहिली लेडीज स्पेशल धावली. मी स्वतः रोज लेडीज डब्यातूनच जाते आणि तो काढायची भाषा कुणी केली तर भांडेन. गुलाबी रंगाचा मात्र मला मनापासून कंटाळा आला आहे.

खरी गफलत पुढे आहे. गेल्या पावसाळ्यात रात्री साडेदहाला स्टेशनबाहेरच्या टपरीवर मी कटिंग घेऊन उभी होते. घरी जायची घाई नव्हती, हवा छान होती. चहावाले काका भला माणूस. दोन मिनिटांनी त्यांनी विचारलं, "ताई, कुणाची वाट बघताय का?" मी म्हटलं, "नाही, अशीच." त्यांनी बाकावरची दुधाची पिशवी उचलून मला जागा करून दिली, पण मला न्यायला कुणी येतंय का म्हणून अधूनमधून रस्त्याकडे बघत राहिले. शेजारी चार पुरुष माझ्या आधीपासून गप्पा मारत उभे होते. त्यांना कुणी काही विचारलं नाही. थोड्या वेळाने मी फोन काढून कानाला लावला. पलीकडे कुणीही नव्हतं.

त्या टपरीवर मी पूर्ण सुरक्षित होते, फक्त तिथे असण्याला कारण लागत होतं.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईचा अभ्यास करून २०११ मध्ये 'व्हाय लॉइटर?' हे पुस्तक लिहिलं, त्याचा गाभा हाच आहे. बाईला सार्वजनिक जागेत वावरता येतं, पण कामाच्या नावाखाली. ऑफिस, भाजी, मुलाची शाळा, देऊळ. हातात पिशवी किंवा फाइल आणि पावलांत लगबग असली की ती 'चांगल्या घरची'. संरक्षण मिळतं ते या चांगलेपणाला. कारण संपलं की संरक्षणही संपतं, आणि मग प्रश्न येतो, 'ती तिथे गेलीच कशाला?' लॉइटरिंगला आपल्याकडे नेमका शब्द आहे, उंडारणं. तो मुलीच्या वाट्याला बहुतेक वेळा ओरडा म्हणूनच येतो. या तिघींची मागणी नेमकी उंडारण्याचीच आहे. बाहेर पडण्यात धोका असेल, तर तो पत्करायचा हक्कही आमचा, आणि पत्करताना लागणारे दिवे, बस, संडास ही शहराची जबाबदारी.

कोलकात्यात हा फरक काही दिवसांतच उघडा पडला. ९ ऑगस्टला आर. जी. कर रुग्णालयात ड्युटीवर असलेल्या तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला. रिमझिम सिन्हा या तरुणीने दिलेल्या हाकेला ओ देऊन १४ ऑगस्टच्या रात्री जादवपूर, कॉलेज स्ट्रीट, अकॅडमी ऑफ फाइन आर्ट्ससमोर आणि मग राज्यभर बायका जमल्या. तीनच दिवसांनी राज्य सरकारने 'रात्तिरेर साथी' (रात्रीचे सोबती) नावाने उपाय जाहीर केले. त्यात एक कलम असं होतं, की शक्य तिथे बायकांना रात्रपाळी देणं टाळावं. रात्र मागायला आलेल्या बायकांना रात्रीतून बाहेर काढण्याचा हा उपाय, आणि तोही सुरक्षेच्या नावाने! सप्टेंबरमध्ये तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने त्यावर ताशेरे ओढले. संरक्षण देणं हे सरकारचं काम आहे, बायकांना रात्री काम करू नका असं सांगता येणार नाही, असं न्यायालयाने बजावल्यावर सरकारने ते कलम काढायचं मान्य केलं. १९७७ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्समध्ये 'रिक्लेम द नाइट' (रात्र परत मिळवा) मोर्चा निघाला, त्यामागेही हाच राग होता. खुनी मोकाट होता आणि पोलीस बायकांना घरात बसायला सांगत होते.

आणखी एक गोष्ट फार कमी बोलली जाते. सुरक्षेच्या नावाखाली रस्त्यावरून कुणाला तरी हटवलं जातं. फेरीवाले, झोपडीतली पोरं, परप्रांतीय मजूर, मुसलमान तरुण. हक्काची मागणी करणाऱ्यांना हे मान्य नाही, कारण रस्ता सगळ्यांचा असेल तरच तो बायकांचा असेल. मी तर पुढे जाऊन म्हणेन, रात्री अकराला भुर्जीपाव विकणारा माणूस मला कुठल्याही कॅमेऱ्यापेक्षा जास्त आधार देतो.

मुंबईत २०११ मध्ये सुरू झालेली 'राइट टू पी' मोहीमही याच बाजूची. सार्वजनिक मुताऱ्यांत पुरुषांना फुकट आणि बायकांना पैसे, हा हिशोब तिने चव्हाट्यावर आणला. मुमताज शेख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुतारीबद्दल मोकळेपणाने बोलायला लावलं. शहरात किती तास बाहेर राहता येईल हे बाईच्या बाबतीत बऱ्याचदा मूत्राशय ठरवतं. कामावर जाताना घोटभर पाणीही न पिणाऱ्या बायकांना हे समजावून सांगावं लागत नाही.

कलाकारांनी केलेलं काम या सगळ्यात मला सर्वांत नेमकं वाटतं, कारण त्यात कारण नसणं हीच कृती असते. रंगकर्मी नेहा सिंग आणि तिच्या मैत्रिणी मुंबईत रात्री नुसत्या भटकतात. बेंगळुरूत जस्मीन पाथेजा यांनी २००३ मध्ये 'ब्लँक नॉइज' हा कलाप्रकल्प सुरू केला. त्यांच्या 'मीट टू स्लीप'मध्ये बायका बागेत येतात, चादर पसरतात आणि झोपतात. घोषणा नाही, मेणबत्ती नाही. उघड्यावर डोळे मिटायचे, एवढंच. करून बघितलेल्या बायका सांगतात की झोप लागायला वेळ लागतो.

माझ्या घराजवळच्या बागेत दिवे आहेत, कॅमेरे आहेत, फाटकावर वॉचमन आहे. दुपारी तीनला तिथल्या बाकांवर पुरुष चपला उशाला घेऊन गाढ झोपलेले असतात. बारा वर्षांत तिथे झोपलेली एकही बाई मी पाहिलेली नाही.