स्लिप आणि स्किड: दोरा वाकडा, पण कुठल्या बाजूला?

वाईहून पसरणीचा घाट चढताना एसटी वळते आणि आपण बाहेरच्या बाजूच्या शेजाऱ्यावर कलंडतो. स्टिअरिंग फिरवलं की वळण, हा रस्त्याचा हिशेब अंगात इतका मुरलेला असतो की ग्लायडरच्या, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानाच्या, शेपटीवरचा रडरही (पायाच्या पेडलनं हलणारी उभी फळी) आपल्याला स्टिअरिंगच वाटतो. तो तसा नाही. ग्लायडर वळतं ते कलल्यामुळे. पंख तिरके झाले की उचलही तिरकी होते आणि तिचा आडवा भाग ग्लायडरला आत खेचतो. रडरचं काम एवढंच, की नाक समोरून येणाऱ्या वाऱ्याच्या रेषेत राहावं. पाचगणीच्या टेबललँडच्या कडेला घिरट्या घालणारी घार बघा, तिचं शेपूट सारखं पिळत असतं.

रडर लागतो कशाला? उजवीकडे कलण्यासाठी स्टिक, म्हणजे हातातला दांडा, उजवीकडे नेली की डाव्या पंखाचं एलेरॉन (मागच्या कडेची हलणारी पट्टी) खाली जातं. त्या पंखाची उचल वाढते, पण सोबत ड्रॅगही, म्हणजे हवेचा अडथळाही, वाढतो आणि नाक उलट डावीकडे जातं. ग्लायडरचे पंख टोकापासून टोकापर्यंत 15-18 मीटर, त्यामुळे ही ओढ चांगलीच जाणवते. राइट बंधूंना 1901 च्या ग्लायडरवर हा त्रास झाला. 1902 मध्ये त्यांनी शेपटीला उभे पक्के पडदे लावले. त्यानंही भागेना, तेव्हा त्याच वर्षी हलणारा रडर आणला.

आता घोळ. वैमानिकासमोरच्या काचेवर चिकटवलेला, वारा कुठून येतो ते दाखवणारा लोकरीचा दोरा मधोमध नसेल तर काहीतरी चुकतंय, इतकं सगळ्यांना कळतं. रडर कमी पडला, तर ग्लायडर वळणाच्या आत घसरतं आणि दोऱ्याचं मोकळं टोक बाहेर जातं: ही स्लिप. रडर जास्त झाला, तर टोक आत येतं आणि अंग एसटीतल्यासारखं बाहेर फेकलं जातं: हा स्किड. उपाय दोन्हींना एकच, टोक ज्या बाजूला त्याच्या उलट पायाचं पेडल दाबा.

दोन्हींत ड्रॅग वाढतो, उंची वाया जाते. पण दोन्हींना एकाच तागडीत तोलणं मला पटत नाही. उंची झटकन कमी करायला स्लिप मुद्दाम वापरतात. स्किडचा असा उपयोग नाही, उलट तो जीव घेऊ शकतो.

उतरण्याआधीचं शेवटचं वळण. धावपट्टी निसटतेय असं वाटतं, जमीन जवळ म्हणून जास्त कलायला मन धजत नाही. मग वैमानिक आतल्या बाजूचं पेडल दाबून नाक ओढतो. बाहेरचा पंख वेगानं जायला लागतो, कल वाढतो. तो थोपवायला स्टिक बाहेर नेली की आतल्या पंखाचं एलेरॉन खाली येतं. तो पंख आधीच हळू, आता त्याचा वाऱ्याशी कोनही वाढला. त्यात नाक झुकतं म्हणून स्टिक मागे ओढली, की आतला पंख आधी स्टॉल होतो, म्हणजे उचल गमावतो, आणि ग्लायडर त्याच बाजूला उलथून स्पिनमध्ये जातं, गरगरत खाली येतं. सावरायला उंची उरलेली नसते. स्लिपमध्ये बहुधा वरचा, म्हणजे बाहेरचा पंख आधी स्टॉल होतो. मग ग्लायडर आधी सपाट व्हायला बघतं आणि तेवढा वेळ हाताशी राहतो.

म्हणूनच थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेत, हळू फिरताना काही अनुभवी वैमानिक दोऱ्याचं टोक जाणूनबुजून किंचित बाहेर ठेवतात.